सीटखालचा बोल्ट

आमच्या सासऱ्यांच्या गाडीत ड्रायव्हरशेजारची सीट सासूबाईंची होती. त्यांची म्हणावी अशी तेवढीच एक जागा. स्वयंपाकघर माझं झालं होतं, टीव्हीसमोर सासरे बसत, आणि गॅलरीतल्या खुर्च्यांवर कपडे वाळत. पण गाडीत त्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. एकदा माझ्या नवऱ्याचा पाय मुरगळला म्हणून त्याला पुढे बसवलं, तर सासूबाई मागून अशा काही खोकत राहिल्या की शेवटी तो लंगडत मागे आला.

सासरे वजनकाटे दुरुस्त करतात. करायचे, असं म्हणायला हवं. दुकानं, गोदामं, कारखाने, सगळीकडे एका कंपनीच्या वतीने जायचं, काटा उघडायचा, साफ करायचा, ठरलेली वजनं ठेवून तपासायचा. सासूबाई रोज बरोबर जात. वजनांच्या पेटीची एक कडी त्या धरत, फोन त्या घेत, पत्ता त्या विचारत. आणि बोलत. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. सासरे भेटेल त्याला सांगत की मी गाडीत रेडिओ बसवला नाही, गरजच पडली नाही. लोक हसत. सासूबाईही हसत.

मी मागे बसून ते बोलणं वर्षानुवर्षं ऐकलं आणि वैतागले. मग एके दिवशी कान देऊन ऐकलं आणि गारच पडले. "डावीकडची ती पिवळी इमारत किती उंच झाली हो," असं त्या म्हणाल्या की गाडी डावीकडे वळायची. "काय बाई ही गर्दी," म्हणाल्या की ब्रेक लागायचा. पोलिसाची कीव केली म्हणजे सिग्नल लाल, आणि "गेला एकदाचा तो ट्रक" म्हणजे निघा आता. वळा, थांबा, हळू, यातला एक शब्दही त्या उच्चारत नव्हत्या. गाडी कशी चालवावी हे बायकोने सांगितलेलं सासऱ्यांना खपलं नसतं. त्यांच्या नाकावर माशी बसत नाही. म्हणून त्या झाडांबद्दल आणि इमारतींबद्दल बोलायच्या आणि ते वैतागल्यासारखं करत ऐकायचे.

मग कंपनीने टॅब दिला. यापुढे कामं फोनवर येणार नाहीत, टॅबवर येतील. रस्ता तोच दाखवेल आणि तोच बोलून सांगेल. गाडी कुठे आहे, किती वेगाने चाललीय, हे सगळं कंपनीत बसून दिसेल. आणि टॅब गाडीत पक्का बसवलेला हवा, मांडीवर घेतलेला चालणार नाही.

पक्का बसवणं हेच जमेना. नवऱ्याने आधी काचेला चिकटणारी रबरी वाटी आणली. ती सकाळी छान चिकटायची आणि ऊन चढलं की सुटायची. एका वळणावर टॅब सुटून थेट सासऱ्यांच्या मांडीत पडला, ते खाली बघायला लागले, आणि सासूबाई किंचाळल्या, "अहो, किती जवळून दिसतंय ते झाड." तेव्हासुद्धा झाडच. मग डिंकाची चकती आली. ती वितळली आणि निघताना डॅशबोर्डचं कातडं घेऊन निघाली. मग एसीच्या जाळीला अडकवायचा चिमटा आला, तर टॅबच्या वजनाने जाळीच्या पट्ट्या मोडल्या. सासऱ्यांनी त्याबद्दल माझ्या नवऱ्याच्या अकलेचे वाभाडे काढले आणि गाडी फिटरकडे नेली. मला दातांच्या डॉक्टरकडे सोडायचं होतं, म्हणून मीही बरोबर होते.

फिटरने गाडीत डोकं घालून पाहिलं. म्हणाला, काच नको, डॅशबोर्ड नको, सीट वापरू. सीट जमिनीला धरून ठेवणारा बोल्ट असतो, तो काढायचा, त्यात स्टँडचा पाय अडकवायचा आणि परत आवळायचा. वर लोखंडी दांडी, दांडीवर टॅब. गाडी उलटली तरी हलणार नाही. अडचण एकच की दांडी शेजारी बसणाऱ्याच्या बरोबर गुडघ्यांत येते. सासूबाईंचे गुडघे आधीच कुरकुरतात.

"शेजारी कोण बसतं?" फिटरने विचारलं.

सासूबाई उघड्या दारापाशी पर्स पोटाशी धरून उभ्या होत्या. पुढे बसायला म्हणूनच उभ्या होत्या.

"कोणी नाही," सासरे म्हणाले.

रागाने म्हणाले असते तर एक वेळ समजून घेतलं असतं. गाडीत पेट्रोल किती आहे ते सांगावं तसं सांगितलं. फिटरने सासूबाईंकडे एकदा पाहिलं आणि पाना लावला. सासूबाई मागे माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि पर्सची चेन उघडबंद करत राहिल्या.

पहिल्या दिवशी सवयीने त्या मागून म्हणाल्या की चौकात बरीच गर्दी दिसतेय. सासऱ्यांनी टॅबकडे बोट केलं. आता ही सांगते, तू गप्प बस, म्हणाले. टॅबमधला आवाज बाईचा होता. त्या दिवशी जेवताना त्यांनी आम्हा सगळ्यांना ऐकवलं, "एकदा सांगते आणि गप्प बसते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाडीत शांतता मिळाली. शिका काही." सासूबाई वाढत होत्या. माझा नवरा हसला. मी त्याला टेबलाखालून लाथ मारली, तर आणखी मोठ्याने हसला.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरीच राहिल्या. पेटीची कडी दुकानातलं कुणीही धरतं, असं सासऱ्यांनी सांगितलं.

त्या आठवड्यात कपड्यांच्या घड्या घालता घालता सासूबाईंनी मला सगळं सांगितलं. सासऱ्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. डॉक्टरने दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की चष्म्याने सुधारणार नाही आणि गाडी बंद करा. हातभर अंतरावरचं ते मान वाकडी करून बघतात, पलीकडचं सगळं धूसर. डॉक्टरकडून दोघं गाडीनेच घरी आली, आणि त्या वाटेवर सासूबाईंनी पहिल्यांदा इमारतींबद्दल बोलायला सुरुवात केली. त्याविषयी दोघांत कधी एक अक्षर बोललं गेलं नाही.

मला दोघांचा संताप आला. रस्त्यावर माणसं चालतात, पोरं चालतात. मी त्याच दिवशी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ डोकं खाजवत बसला आणि म्हणाला, बाबांना सांगणार कोण? मी म्हटलं, तू. तो म्हणाला, आता टॅब आहे ना. असा हा माझा नवरा. बापासमोर त्याचा आवाज निघत नाही, आणि त्याला तो आदर म्हणतो.

सासरे चालवत राहिले. टॅबवरची जाड निळी रेघ त्यांना दिसत असे, कारण ती हाताच्या अंतरावर होती. मान वाकडी करून, तिच्याकडे बघत ते बैलगाडीच्या वेगाने जायचे. मागची वाहनं हॉर्न वाजवून बेजार. आधी आरसा तुटला, मग दार घासलं, मग बंपर लोंबायला लागला. पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकली, असं ते प्रत्येक वेळी म्हणत. सासूबाई गॅलरीतून गाडीकडे बघत आणि आत येत.

आणि कंपनीने त्यांना बक्षीस जाहीर केलं. टॅबने सगळ्यांचा हिशेब ठेवला होता. कधी वेग ओलांडला नाही, कधी रस्ता सोडला नाही, असा सबंध कंपनीत एकच माणूस निघाला. सर्वांत सुरक्षित चालक. हॉलमध्ये समारंभ, घरच्यांना आमंत्रण. मी ऐकलं आणि मला हसू आवरेना, आणि मग हसल्याचीच लाज वाटली. सासऱ्यांनी नवा शर्ट शिवून घेतला.

आम्ही सगळे निघालो. नवरा, मी आणि मध्ये सासूबाई, मागच्या सीटवर कोंबलेले. पुढची सीट रिकामी, तिच्या पायाशी ती दांडी. नवरा फोनमध्ये डोकं घालून बसला होता. टॅबची बाई म्हणाली की सरळ जा. सासरे सरळ चालले होते. आमच्या पुढची वाहनं एकेक करून बाजूच्या गल्लीत वळत होती.

मी बोर्ड पाहिला नाही. मी सासूबाईंचा चेहरा पाहिला. बोर्ड त्यांना लांबूनच दिसला होता. तोंड उघडलं, सवयीने. आता त्या वळणाऱ्या गाड्यांबद्दल काहीतरी म्हणणार, असं मला वाटलं. मग त्यांनी ओठ मिटले, पाठ सीटला टेकली आणि मांडीवर हातावर हात ठेवला. मी "बाबा" म्हणेपर्यंत पुढची चाकं खाली गेली होती.

ताजं काँक्रीट होतं. नुकतं ओतून, फळी फिरवून गुळगुळीत केलेलं. गाडी त्यात शांतपणे रुतली, कुणाला खरचटलंही नाही. कामगार फावडी टाकून धावले. टॅबची बाई सरळ जा म्हणत राहिली आणि तेवढ्यावर ते हसायला लागले. मुकादम दाराशी आला आणि त्याने विचारलं की काका, रस्ता बंद असा माणसाएवढा बोर्ड लावलाय, दिसला नाही का?

सासरे गर्रकन मागे वळले. "तू बघत होतीस ना? बोलायला काय झालं होतं?"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. चेहरा खाडकन उतरला.

आणि आमच्या नवरोबांना तोंड फुटलं. बाप उभा असताना कधी फुटलं नव्हतं, पडल्यावर फुटलं. तो खाली उतरला, बापाचं दार उघडून उभा राहिला आणि मुकादम, कामगार, आजूबाजूला जमलेले लोक, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाबा, तो बोर्ड वाचून दाखवा."

मी म्हटलं, पुरे. त्याने ऐकलं नाही. सासरे बोर्डाकडे नुसते तोंड करून बसले. मग हळूच मान वळवून त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी विसरणार नाही. नुसती इमारत पुरली असती त्यांना, एखादं झाड. सासूबाई खिडकीतून दुसरीकडे बघत होत्या.

"पुढे शाळा आहे," सासरे म्हणाले.

लोक काय हसले म्हणता. एकाने तर, पोरं सिमेंटची आहेत वाटतं, असं म्हणून घेतलं. सासरे नव्या शर्टाची बाही ओढत बसून राहिले. बक्षीस दुसऱ्या कुणाला तरी मिळालं.

घरी माझ्या नवऱ्याने निकाल दिला. बाबांची कमाई एकदम बंद होऊन चालणार नाही, तेव्हा पूर्वीसारखी आई शेजारी बसणार असेल तर बाबांनी चालवावी, नाहीतर किल्ली त्याच्याकडे. मी म्हटलं, आईंनी बसावं की न बसावं, ज्याला दिसत नाही त्याने चालवूच नये. मला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासरे पाना घेऊन खाली गेले. सीटपुढच्या पाय ठेवायच्या जागेत आडवे पडून, गाल सीटला दाबून, चाचपत चाचपत त्यांनी तो बोल्ट सोडवला. गंजायला लागला होता, सुटता सुटेना. दांडी काढली, बोल्ट पुन्हा बसवला, आवळला. सीटवरची धूळ झटकली. बोटं सोलवटली होती. मग वर येऊन सासूबाईंना म्हणाले की चल, गोदामाचं काम आलंय. त्यांच्या तोंडून "चल" हा शब्द इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

सासूबाईंनी साडी बदलली, पर्स घेतली. त्यांच्यामागोमाग मीही खाली गेले. सासऱ्यांनी पुढचं दार स्वतः उघडून धरलं होतं. सासूबाई दाराशी आल्या, आत पाहिलं. मोकळ्या झालेल्या जागेकडे नीट पाहिलं. मग मागचं दार उघडून मागे बसल्या.

"पुढे ये ना," सासरे म्हणाले. "काढलंय मी ते."

"पुढे कोणी बसत नाही," सासूबाई म्हणाल्या.

सासरे दार धरून उभेच राहिले. काही वेळाने त्यांनी ते लावलं, आणि किल्ली माझ्या हातात दिली.

गाडी विकली. सगळे म्हणतात की माउलीने शहाणपणा केला, कुणाचा तरी जीव वाचवला. वाचला असेल. मी त्यांचा चेहरा पाहिला होता, त्यात शहाणपण वगैरे काही नव्हतं. आणि त्यांना मी दोषही देत नाही, फक्त त्या दिवसापासून त्यांची मला थोडी भीती वाटते.

आता गॅलरीतल्या खुर्च्यांवर कपडे वाळत नाहीत. संध्याकाळी दोघं तिथे बसतात. खाली गाडी थांबल्याचा, कुणी हाक मारल्याचा आवाज येतो. सासरे कठड्याकडे मान वाकडी करून विचारतात, कोण आलं गं? पाऊस येईलसं दिसतंय का? समोरची ती इमारत पूर्ण झाली का?

सासूबाईंना सगळं दिसतं. त्या सांगत नाहीत.