दुसऱ्याने भरलेली सुई

वर्गात तिला सगळे सिस्टर म्हणत. सोळा वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय? ज्यांनी पदवीला कॉम्प्युटरचा क सुद्धा गिरवला नाही, अशांना दोन वर्षांत प्रोग्रामर करणारा हा अभ्यासक्रम. त्यासाठी तिने पक्की नोकरी सोडली, तेव्हा थोरल्या भावाने "या वयात कसली थेरं" म्हणून तोंड फिरवलं. चौदा वर्षांच्या मुलीने मात्र आईला नवं दप्तर घेऊन दिलं.

वर्षाअखेरचा प्रकल्प चौघांच्या गटाचा होता: वॉर्डातल्या कुठल्या रुग्णाला कुठलं औषध दिलं, याची नोंद ठेवणारा प्रोग्राम. दुपारी दोनच्या आत तो जमा करायचा, आणि सोबत 'हा सगळा कोड मला समजला आहे' असं लिहिलेल्या कागदावर चौघांच्या सह्या. एक सही कमी पडली तर चौघेही नापास, आणि नापास म्हणजे पुन्हा पहिल्यापासून वर्ष.

एक वाजता वकिलाने कागद तिच्यापुढे सरकवला. तो खरंच वकील होता, कोर्टाला कंटाळून इकडे आलेला.

"सिस्टर, तेवढी सही ठोका."

"रुग्ण शोधायचा भाग कुणी लिहिला?"

"मीच आणला. कुठून ते सोडा, चालतोय ना?"

"मग समजावून सांगा."

"आत्ता? कमाल करता!"

"दुसऱ्याने भरलेली सुई मी टोचत नाही, वकीलसाहेब. भरणारी सख्खी बहीण असली तरी नाही."

"हा वॉर्ड नाहीये," तो हसला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाचल्याशिवाय सही करू नका, हे लोकांना सांगून ज्याने आजवर पोट भरलं, तो शहाणा न वाचता सही मागत होता! तिने त्याचा लॅपटॉप ओढला आणि एकाच नावाचे दोन रुग्ण भरले. पहिल्याला पेनिसिलीन चालत नाही, असं लिहिलं. दुसऱ्याला चालतं. मग नाव शोधलं तर रुग्ण एकच सापडला. पेनिसिलीन चालणारा. पहिल्याचा मागमूसही नव्हता.

"कुठली ओळ चुकली? दाखवा."

वकील स्क्रीन वरखाली करत राहिला. त्याला ओ की ठो कळत नव्हतं. गटातले बाकीचे दोघे, इतिहासवाला आणि चित्रकार, मान खाली घालून बसले. त्यांनी सकाळीच सही केली होती.

आवाज ऐकून सर आले. सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळ पाहिलं. पावणेदोन.

"सिस्टर, हा विद्यार्थ्यांचा प्रकल्प आहे. यानं कुणी मरणार नाही. सही करा, मी थोडे गुण कापतो आणि विषय संपवू."

"कुणी मरणार नाही, हे मी दोनदा ऐकलंय, सर," तिचा आवाज खोलीभर गेला. "दोन्ही वेळा तोंडावर चादर मीच ओढली. आणि दोन्ही कागदांवर सगळ्यांच्या सह्या होत्या!"

सर म्हणाले, "नियम मी बदलू शकत नाही." तिने पेनाला टोपण लावलं.

दोन वाजले.

"चौघांचं वर्ष खाल्लंत," वकील म्हणाला. त्याला उत्तर द्यायचीही तिला किळस आली. इतिहासवाल्याचं उतरलेलं तोंड पाहून मात्र तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा आणखीनच राग आला.

जिन्यात येऊन तिने घरी फोन लावला.

"नापास झाले," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

"मग तुझी चूक कुठेय?" मुलीने विचारलं.

"कुठेच नाही."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये मी," ती हुंदका गिळत ओरडली. "चिडलेय!"