चंद्रीची हाक

वसुबारसेच्या दिवशी दुपारपासनं आमच्या चंद्रीचं वासरू दिसंना. मोशीत आमचा गोठा म्हंजी टावरांच्या मधी उरल्याली येवढीशी जागा, आन् पलीकडं चाकणला जाणारा हायवे. तिथं कंटेनर कसे पळत्यात ते आठवून माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. त्यात चंद्री दाव्याला हिसडं देऊन सारखी हंबरत हुती.

"गप गं बया," मी तिच्यावर खेकसले. "आधीच डोकं फिरलंय माझं."

माझी सून योगिनी आकुर्डीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवती. ती म्हणाली, "आई, तिला गप करू नका. इंग्रजीत गाईच्या हंबरण्याला 'लो' म्हणतात. फार जुना शब्द आहे, आणि त्याच्या मुळाचा अर्थ हाक मारणं. ती रडत नाही, बोलावतेय."

"वासरू गेलंय हायवेला, आन् तू मला इंग्रजी शिकवतीस व्हय?"

बोलून गेले खरी, पण ते मनात बसलं. हाक मारती म्हंजी कुणीकडं मारायची ते तिला ठावं आसंल. मी दावं सोडलं. मी निघाले हायवेकडं, ती निघाली टावरकडं. गेले मुकाट तिच्या मागं.

गेटावर थांबून ती बेंबीच्या देठापासनं हंबरली. खालच्या पार्किंगमधनं बारीक आवाजात उत्तर आलं. मला तिथंच रडू फुटलं.

आत बघते तर सोसायटीच्या बाया नटूनथटून, पूजेची ताटं घेऊन हुब्या. मधी आमचं वासरू, कपाळाला हळदकुंकू, तोंडात गवारीच्या शेंगा. पुढं स्वरूपाबाई. चंद्री लई वरडती म्हणून हिनंच मागच्या महिन्यात माझ्याशी भांडण काढलं हुतं.

"मावशी, वासरू आपणहून आलं हो," ती म्हणाली. "पण गाईशिवाय पूजा कशी करायची? म्हणून ह्यांना गाय शोधायला आळंदीला पाठवलंय."

"आळंदीला? मंग भिंतीपल्याड रोज वरडती ती काय म्हैस हाय? काखेत कळसा न् गावाला वळसा."

सगळ्या हसल्या. स्वरूपाबाई लाजली, पण तीबी हसली, आन् नवऱ्याला माघारी यायला फोन लावला.

बायांनी गायवासराला ओवाळलं. चंद्री वासराला चाटत हुती, ते ढुशा देत पीत हुतं. माझा राग कुठल्या कुठं पळाला. मोबाइल पुढं धरून स्वरूपाबाई म्हणाली, "मावशी, एकदा हंबरू दे ना तिला. पोरांना ऐकवायचंय."

"आता कशाला हंबरंल बाई ती?" मी म्हणाले. "ज्याला हाक मारत हुती, ते आलं की पोटाशी."