समुद्राचा सराव

बायकोच्या डोक्यात गाठ आहे हे कळलं, त्या दिवशी सकाळीसुद्धा कप्तानानं तिला उलटीची गोळी दिली होती.

डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडावर धरली, पेनाच्या टोकानं एक जागा दाखवली आणि विचारलं, "उलट्या कधीपासून होतात?"

खोलीत डॉक्टर, कप्तान, त्याची बायको आणि ऑफिसात रजा टाकून आलेली त्यांची एकुलती एक लेक होती. लेकीकडे न बघता कप्तान म्हणाला, "पंधरा दिवस झाले."

अडीच महिने झाले होते.

बायकोनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. आपण आता सापडलो असं त्याला वाटलं. पण ती डॉक्टरांना म्हणाली, "हो. पंधराच दिवस."

"आधी आणलं असतं तर?" लेकीनं विचारलं.

"पंधरा दिवसांनी काही फरक पडत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडून उशीर झालेला नाही. गाठच वाईट जागी आहे."

लेकीनं डोळे पुसले आणि आईचा हात धरला. अडीच महिन्यांनी फरक पडला असता का, हे डॉक्टरांना कुणी विचारलं नाही. ज्या दोघांना विचारता आलं असतं ती दोघं गप्प बसली.

कप्तान म्हणजे काही खरा कप्तान नव्हे. तीस वर्षं तो प्रवासी जहाजावर खोल्या लावायचा. चादरी बदलायच्या, न्हाणीघरं घासायची, आणि समुद्र खवळला की बादली, फडकं नि लिंबाचं पाणी घेऊन दारोदार हिंडायचं. इमारतीतले लोक त्याला कौतुकानं कप्तान म्हणत. बायको म्हणे, "कप्तान कसले, ओकाऱ्यांचे मुकादम."

त्यात खोटं काही नव्हतं. बोट लागण्यातलं त्याला सगळं कळायचं. माणूस गप्प झाला, सारख्या जांभया द्यायला लागला, ओठांचा रंग उतरला की तो आधीच बादली पुढे करायचा. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्यावी. पोट रिकामं ठेवू नये, तट्टही भरू नये. कोरडं टोस्ट खावं, आलं चघळावं. खोली घ्यावी ती खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध, तिथं हिंदकळा कमी. पुस्तक मिटावं, वर मोकळ्या हवेत जावं आणि पाणी नि आभाळ मिळतात त्या रेघेवर नजर ठेवावी. हे तो झोपेतही सांगू शकला असता.

आणि ह्याच माणसाच्या बायकोला बोट भयंकर लागायची. लग्न झाल्यावर एकदाच तो तिला जहाजावर घेऊन गेला होता. जहाज धक्क्यावरून सुटायच्या आतच तिनं पहिली उलटी केली. पहिलं बंदर आलं तशी ती बॅग घेऊन उतरली आणि एकटी बसनं घरी आली. त्यानंतर जहाजाचं नाव घरात 'सवत' असं पडलं. "गेला होतात ना सवतीकडे सहा महिने, आता तिच्याच हातचं जेवा," असं ती दर खेपेला म्हणायची, आणि म्हणता म्हणता ताट वाढायची.

तो निवृत्त झाला तेव्हा लेकीनं तिघांची सात दिवसांची सफर ठरवली. "बाबा, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरी बदलल्यात. आता तुमची दुसरं कुणी बदलेल. आणि आईला एकदा तरी तुमचा समुद्र बघू दे."

"मला तिकडे मारायला नेताय का?" बायको म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

मग कप्तानानं तिचा सराव घ्यायचं ठरवलं. त्याचं म्हणणं असं, की शरीराला हलण्याची सवय लावता येते. जहाजावर नवीन आलेला कामगार पहिले चार दिवस मरतो आणि पाचव्या दिवशी डुलत डुलत भांडी घासतो. मग ते चार दिवस घरीच का काढू नयेत? हातात चार महिने होते.

रोज सकाळी दोघं कोपऱ्यावरच्या बागेत जायची. ती लहान मुलांच्या झोपाळ्यावर बसायची आणि तो मागून हळूहळू झोके द्यायचा. "खाली बघू नकोस. समोरच्या गच्चीकडे बघ. गच्ची म्हणजे तुझी रेघ."

"गच्चीवर कुणाचा तरी पायजमा वाळतोय. तोही हलतोय."

"पायजमा सोड, कठडा बघ."

मुलं रांग लावून उभी राहायची. एक चिमुरडी रोज विचारायची, "आजी, तुमचं झालं का?"

"मला काय विचारतेस बाळ, ह्या आजोबांना विचार. तेच सोडत नाहीत."

घरी त्यानं एक फळी गोल पाइपावर ठेवली होती. ओटा धरून ती फळीवर उभी राहायची आणि एका हातानं भाजी ढवळायची. शनिवारी दोघं बसच्या शेवटच्या बाकावर बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायची नि त्याच बसनं परत यायची. एवढं सोबत ती दोघं आयुष्यात कधी राहिली नव्हती. पहिल्या दोन आठवड्यांत तिला झोपाळ्यावर मळमळायचं. तिसऱ्या आठवड्यात ते थांबलं. वीस मिनिटं झोके घेऊन ती उतरली आणि म्हणाली, "भूक लागली." कप्तानाला जहाज मिळाल्यासारखं झालं.

त्यानंतर आठवड्याभरानं उलट्या सुरू झाल्या. झोपाळ्यावर नव्हे, सकाळी उठल्या उठल्या. डोकं दुखायचं, उलटी झाली की उतरायचं.

"झोपाळ्याशिवायच होतंय हो," ती म्हणाली.

"शरीराला आठवतं," कप्तान म्हणाला. "आमच्याकडे लोक जहाजावरून उतरल्यावर घरी आठवडाभर डुलायचे. अंथरुणही हलतंय म्हणायचे. हे तसलंच." तसं होतं हे खरंच आहे, म्हणून तर त्याचा स्वतःवर विश्वास बसला. त्यानं गोळी चालू केली.

पुढे ती चालताना एका बाजूला जायला लागली. बोळातून स्वयंपाकघरात येताना भिंतीला हात लावायची. कप्तान टाळ्या पिटायचा बाकी होता. "अगं, जहाजावर माणसं अशीच चालतात. तुझे पाय समुद्राचे झाले." हे त्यानं फोनवर लेकीलासुद्धा हसत हसत सांगितलं. उलट्यांचं तेवढं सांगितलं नाही, कारण ती सफर रद्द करू म्हणाली असती.

खालच्या औषधवाल्यानं तिसऱ्या पाकिटाला विचारलं, "कप्तान, घरात पाणी शिरलं का? जमिनीवर एवढ्या गोळ्या कुणासाठी?"

"मालकीणबाईंचा सराव चाललाय."

"एकदा डॉक्टरला दाखवा. माझं नुकसान झालं तरी चालेल."

बायकोही एकदा म्हणाली होती. फळीवरून उतरून खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी उद्या डॉक्टरकडे जाऊन येते."

"डॉक्टर काय सांगणार? तीस वर्षं हेच केलंय मी. त्यानं जेवढी माणसं तपासली नसतील तेवढ्यांच्या बादल्या मी उचलल्यात. जहाजावर पाय ठेवलास की बघ, सगळ्यांना लागेल आणि तू जेवत बसशील."

ती गेली नाही. त्याच्या शब्दाखातर गेली नाही. एके सकाळी न्हाणीघरात पडली तेव्हा मात्र शेजाऱ्यांनीच गाडी बोलावली.

फिल्म बघून घरी आल्यावर, लेक औषधं आणायला खाली गेली तेव्हा त्यानं बायकोला विचारलं, "तू हो का म्हणालीस?"

"मग काय तिच्यासमोर तुम्हाला उघडं पाडू?"

"पण तिला कळायला हवं."

"मी सांगेन तिला. माझ्या पद्धतीनं सांगेन. तुम्ही सांगायला जाल आणि दोघं रडत बसाल. तुम्ही मध्ये पडू नका."

ऑपरेशननंतर तिला बोलता येईना. सहा आठवडे ती फक्त बघायची. मग तेही संपलं.

लेकीनं येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगितली. "पंधरा दिवसांत कळलं हो. बाबांनी लगेच नेलं. आमच्याकडून काही कमी पडलं नाही." सांगून झालं की तिचा चेहरा जरा निवायचा. कप्तान शेजारी बसून ऐकायचा. तिला हेच वाक्य धरून उभं राहता येत होतं, आणि ते वाक्य त्यानं दिलेलं होतं.

सफर कंपनीनं पुढच्या वर्षावर ढकलून दिली होती. "आईची इच्छा होती," लेक म्हणाली. इच्छा लेकीची स्वतःची होती, पण त्यानं वाद घातला नाही. तिला सांगायचंच तर समुद्रावर सांगू, तिथं ती उठून जाणार नाही आणि आपल्यालाही जाता येणार नाही, असा विचार करून तो निघाला.

खोली त्यानं खालच्या मजल्यावरची, मधोमध मागितली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी वारा उठला आणि दुपारी लेक जांभया द्यायला लागली. त्यानं बादली पुढे केली. टोस्ट, आलं, गोळी, सगळं रीतसर झालं. संध्याकाळी ती हसून म्हणाली, "आई म्हणायची ते खरं. ओकाऱ्यांचे मुकादम."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि अंथरुणातच ओकली.

कप्तान तिच्या अंथरुणाशी येऊन बसला. "डोकं दुखतंय? उठल्यावरच दुखत होतं का?"

"थोडं."

"माझ्या बोटाकडे बघ. एक दिसतंय का दोन?"

"बाबा, एकच आहे. काय चाललंय?"

"ह्या फरशीच्या रेघेवरून चालून दाखव."

"बाबा, जहाज हलतंय. मी कशी सरळ चालणार?"

त्यानं ऐकलं नाही. चपला घातल्या, तिच्या अंगावर शाल टाकली आणि दंडाला धरून जहाजाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंपुढे त्यानं दिवस, वेळ, किती वेळा, सगळं खरं खरं सांगितलं. बाईंनी तिचे डोळे, कान, रक्तदाब बघितला. "बोट लागलीय, बाकी काही नाही. आज एवढा वारा आहे की माझ्या नर्सलाही लागलीय."

"नक्की?"

"नक्की, काका."

वरच्या डेकवर दोघं बाकावर बसली. वारा गार होता. लेकीच्या ओठांना हळूहळू रंग आला. मग ती म्हणाली, "दोन उलट्यांत डॉक्टरकडे नेलंत. तुम्ही. आख्खी बोट ओकत असताना."

त्यानं तिच्या अंगावरची शाल सारखी केली.

"आईलाही सराव करताना असंच व्हायचं?"

"व्हायचं."

"म्हणजे त्या पंधरा दिवसांत?"

तिनं विचारलं ते अगदी साधेपणानं. तिच्या आवाजात संशय नव्हता, म्हणून ते जास्त कठीण झालं. हो किंवा नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. तिनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकवलं होतं आणि तिला नुकतंच कुठे बरं वाटत होतं.

"बोलू नकोस आता," तो म्हणाला. "बोललं की पोट ढवळतं. तिकडे बघ, त्या रेघेकडे."

ती बघत राहिली. सांगितलेलं ऐकायची सवय तिनं आईकडूनच घेतली होती.

चार दिवसांनी जहाज धक्क्याला लागलं. लेक तिच्या घरी गेली, तो त्याच्या. ह्याला आता चार महिने झाले. दर रविवारी तिचा फोन येतो, जेवलात का विचारते, तो जेवलो म्हणतो.

अडीच महिन्यांचं त्यानं तिला अजून सांगितलेलं नाही.