बोंबलांच्या पलीकडचं आकाश

मी एक जुनी, ॲल्युमिनियमच्या जाळीची डिश आहे. केबलवाले मला छत्री म्हणत, पण पाऊस माझ्यातून सरळ खाली जातो. भाईंदरजवळच्या राई गावात, खाडीकडच्या एका घराच्या गच्चीवर मी उभी आहे.

मित्रांनो, मला इथे धाकूंनी बसवलं. त्यांचा केबलचा धंदा होता. क्रिकेटचा सामना असला की अख्खं गाव माझी चौकशी करी. चित्र हललं की शिव्याही मलाच. पुढे घरोघरी छोट्या डिश आल्या, धाकू वारले आणि मी कावळ्यांची बैठक झाले.

मग पंचशीला भाडेकरू म्हणून आली, नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिने माझ्या तोंडाशी नवा रिसीव्हर बसवला. आकाशगंगेतले वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. त्या लहरी बऱ्याच अंशी एकाच दिशेत कंप पावतात. याला ध्रुवण म्हणतात. ती दिशा मोजली की न दिसणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा कल कळतो. पंचशीला रिसीव्हर थोडाथोडा फिरवून ती मोजत होती आणि आकाशाचा नकाशा रंगवत होती.

धाकूंच्या मुलाला, जितेंद्रला, गच्चीवर पत्र्याची शेड घालायची होती.

"शेडवाला दिवाळीनंतर येतोय," तो म्हणाला. "तोवर आकाशातलं काहीतरी दाखव, नाहीतर छत्री भंगारात."

काही दिवसांत नकाशावर, क्षितिजाजवळ, एक ठळक पट्टा उमटला. त्याची दिशा अगदी आडवी होती.

"एक नंबर! शेड कॅन्सल," जितेंद्र म्हणाला.

पंचशीला मात्र पट्ट्याच्या वेळा तपासत होती. तारे रोज थोडे आधी उगवतात. आकाशातली खूणही रोज थोडी आधी यायला हवी. हा पट्टा सकाळी ठरल्या वेळी येई आणि संध्याकाळी जाई. शेवटी ती माझ्यामागे उभी राहिली आणि माझं तोंड होतं तिकडे बघू लागली.

समोर धाकूंच्या धंद्यातली उरलेली केबल आडवी ताणलेली होती. त्यांची बायको विमलाबाई तिच्यावर ओले बोंबील टांगत होत्या. दव पडायच्या आत त्या बोंबील उतरवून केबल सोडून ठेवत. केबलमधली तार शहरातल्या टॉवरांच्या रेडिओ लहरी माझ्याकडे परतवत होती, त्याही आडव्याच.

पंचशीला गप्प राहिली असती तर मी वाचले होते. तिने पट्टा पुसला आणि जितेंद्रला बोलावलं.

"म्हणजे एवढे दिवस तू आमचे बोंबील बघत होतीस?"

"हो, दादा."

"मग उरलं काय?"

तिने एक फिकट डाग दाखवला. "हा रोज थोडा आधी येतोय. हा आकाशातला आहे. बाकीच्याची खात्री नाही."

"एवढासाच? याच्यापेक्षा बोंबील बरे दिसत होते!"

विमलाबाई केबलची गाठ सोडू लागल्या. "बोंबील अंगनात पन सुकतील, जितू. आकाश अंगनात न्हाय मावायचं. शेड अर्धीच घाल."

"आई, पत्रे मोजून झालेत."

"मग उरलेल्यांचं अंगनात कुंपन घाल. मांजरापासून बोंबील तरी वाचतील."

शेड अर्धीच झाली. पंचशीला नकाशा पहिल्यापासून करते आहे. त्यात अजून पुष्कळ जागा कोऱ्या आहेत.

मित्रांनो, माझे नटबोल्ट गंजतात. खाऱ्या वाऱ्यात त्यांना अधूनमधून तेल लागतं. तेवढी काळजी घ्याच. पण माझ्यातून कधी काही फार ठळक दिसलं, तर आनंद करण्याआधी माझ्यामागे येऊन उभे राहा आणि समोर काय वाळत घातलंय ते बघा.