मागची ओळ

"खूण? अंड्यावर खूण कशाला? माझ्यावर पहारा बसवायचाय का?" वेल्डर उसळला आणि धंदा सुरू व्हायच्या आधीच पहिलं भांडण पेटलं.

साडूचं म्हणणं साधं होतं. पेटीत उबायला ठेवलेली अंडी दिवसातून दोनदा हाताने अर्धी वळवावी लागतात, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. सकाळी वेल्डरने वळवायची, दुपारी साडूने. प्रत्येक अंड्यावर एका बाजूला कोळशाने फुली मारली की वळवलंय की नाही ते नुसतं बघून कळेल.

"भागीदारी विश्वासावर चालते, कोळशावर नाही," वेल्डरने ठणकावलं.

साडूने कोळसा चुलीत टाकला. पेटी बांधतानाही त्याने अशीच माघार घेतली होती. "फार खोल झालीय, साडूभाऊ. मागच्या ओळीला हात पोचायचा नाही," असं तो म्हणाला होता, तेव्हा वेल्डरने त्याच्या आखूड हातांवर गावभर विनोद केले होते. त्यानंतर मागच्या ओळीचा विषय साडूने काढला नाही. हात मात्र खरंच पोचत नव्हता.

पत्र्याची ती पेटी वेल्डरने स्वतः जोडली होती. तिच्यापायी शहरातल्या कारखान्यातली नोकरी सोडून तो गावी आला होता. पहिली पिल्लं निघाली नाहीत, तर तिथल्या फोरमनसमोर पुन्हा खाली मान घालून उभं राहायचं होतं.

म्हणून तो डोळ्यांत तेल घालून होता. भरवसा कसला तो साडूच्या वळवण्यावर! दुपारी साडू पेटी ठेवलेल्या गोठ्यामागच्या खोलीतून बाहेर पडला, की हा मागच्या दाराने आत शिरायचा आणि सगळी अंडी पुन्हा एकदा वळवायचा. चारचौघांत विश्वासाच्या गप्पा मारायचा आणि घरी बायकोला सांगायचा, "धंदा मी एकटाच ओढतोय."

दिवस भरले. शेजारीपाजारी टोपल्या घेऊन दारात जमले. पेटी उघडली, तर आत सगळा शुकशुकाट. साडूने एक अंडं फोडलं. पिल्लू आत पूर्ण वाढलं होतं, पण एका अंगाने कवचाला चिकटून मेलं होतं.

"दुपारी झोपा काढल्यास ना?" वेल्डर ओरडला.

"मी? तूच सकाळी वळवायचा नाहीस, म्हणून तुझ्या मागोमाग रोज मी परत वळवत होतो!"

"काय?"

"रोज! एक दिवस चुकवला नाही!"

"अरे, तुझ्या मागून मी वळवत होतो!"

वेल्डरने एक अंडं तळहातावर घेतलं आणि अर्धं वळवलं. मग आणखी अर्धं वळवलं. अंडं होतं तिथेच येऊन बसलं. त्याला रडावं की हसावं कळेना. दोघांच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, उंबऱ्यात उभ्या होत्या. धाकटीने पदर तोंडाला लावला, तो हसू दाबायला की रडू, हे तिलाच ठाऊक.

"तुमच्यात एक जण जरी आळशी असता," थोरली म्हणाली, "तर पिल्लं जगली असती."

तेवढ्यात पेटीच्या पार आतून चिवचिव ऐकू आली. वेल्डरने हात खांद्यापर्यंत आत घातला. अगदी मागच्या ओळीतली अंडी फुटत होती आणि ओली पिल्लं एकमेकांवर चढत होती. साडूने आपल्या आखूड हातांकडे पाहिलं. तिथली अंडी एकट्या वेल्डरनेच वळवली होती, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा.

"खोल झालीय म्हणालो होतो ना?" तो पुटपुटला. वेल्डर एकेक पिल्लू बाहेर काढत राहिला. टोपल्यावाले पाच-सहा पिल्लं बघून "पुढच्या खेपेला येतो" म्हणत पांगले.

पुढच्या खेपेला थोरलीने स्वतः बसून प्रत्येक अंड्यावर फुली मारली. आता दुपारी साडू आत वळवत असतो आणि वेल्डर अंगणात बसलेला असतो, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आत जाऊन एकदा बघून यावं म्हणून जीव नुसता तळमळतो. कारखान्यात त्याने वितळतं लोखंड हाताळलं होतं, पण इतकं अवघड काम कधी केलं नव्हतं.

"साडूभाऊ," आतून हाक येते, "मागची ओळ तेवढी राहिलीय. या."

तो उठतो. चालत जायचं असं रोज ठरवतो, आणि रोज पळतच जातो.