डाव्या पंखावरचा अंगठा

मी एक जुने लढाऊ विमान आहे. मित्रांनो, दचकू नका. मी तुमच्या फूटपट्टीएवढेसुद्धा लांब नाही, माझ्या पोटात इंजिन नाही, आणि आजवर मी जमिनीपासून वर गेले ते फक्त कोणाच्या तरी हातात. लढाई म्हणाल तर तीस वर्षे मी एकाच शत्रूशी लढत आले आहे, तो म्हणजे धूळ. आणि खरे सांगायचे तर त्या लढाईत मी केव्हाच हरले आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी विमान नव्हतेच. प्लॅस्टिकच्या चार करड्या चौकटी आणि त्यांना लटकलेले सत्तावन्न तुकडे, एवढाच माझा संसार. पंख एकीकडे, शेपूट दुसरीकडे, वैमानिक तर बिचारा चाकांच्या शेजारी आडवा. खोक्यावर मात्र माझे असे काही चित्र होते की बघणाऱ्याला वाटावे, हे आता पुठ्ठा फाडून ढगात जाणार. त्या खोक्यात मी दुकानाच्या फळीवर दोन वर्षे काढली. लोक यायचे, खोके कानाशी नेऊन हलवायचे, आतला खुळखुळाट ऐकायचे आणि परत ठेवून द्यायचे.

मग एकदा एक माणूस आला. त्याचे बोट धरून एक मुलगी होती.

माणूस दातांच्या कवळ्या बनवायचा. डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि तो घरीच, खिडकीपाशी टेबल मांडून, एकेक दात बसवायचा. गल्लीत त्याला सगळे कवळीवाले म्हणत. मुलगी नऊ वर्षांची होती. एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ, म्हणून तिचे नाव पडले होते मुंगी. तिची आई ती अगदी लहान असतानाच वारली होती. घरात ही दोघेच.

"बाबा, हे घ्या ना. आपण दोघं मिळून करू."

"दोघं मिळून म्हणजे मी करणार आणि तू गोंद सांडणार," कवळीवाले म्हणाले. पण खोके त्यांनी खाली ठेवले नाही.

दर रविवारी दुपारी टेबलावरचे साचे बाजूला व्हायचे आणि माझी पाळी यायची. भिंतीवरच्या फळीवर तयार कवळ्या ओळीने मांडलेल्या असत. कवळीत बत्तीस दात असतात असे मला वाटायचे, पण अठ्ठावीसच असतात, ते मी मोजून पाहिले आहे. त्या अठ्ठावीस दातांनी त्या आमच्याकडे बघून हसत असत. मुंगी नेलकटरने माझे तुकडे चौकटीपासून सोडवायची. कवळीवाले पॉलिश पेपरने त्यांच्या कडा घासायचे. घासताना ते श्वास रोखत. दात बसवताना लागलेली सवय होती ती.

वैमानिकाला रंगवायचे काम मुंगीला मिळाले. सूचनेच्या कागदावर त्याचा गळपट्टा तपकिरी दाखवला होता. तिने तो लाल केला. वर सुईच्या टोकाने त्याला हसरे तोंडही काढले.

"लढाईला चाललाय की वरातीला?" कवळीवाल्यांनी विचारले.

"एकटाच चाललाय ना. रडत जायचं का मग त्याने?"

कवळीवाले हसले. वैमानिक तसाच राहिला. आजही तो माझ्या काचेखाली हसतो आहे, आणि तीस वर्षांत माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

आता माझ्या डाव्या पंखाकडे या. माझे सगळे आयुष्य त्या पंखावर उभे आहे म्हणा ना. पंखाचे दोन भाग असतात, वरचा आणि खालचा. ते जोडायचा गोंद साधा नसतो. तो प्लॅस्टिक वितळवतो आणि दोन्ही भाग एकजीव करतो. ओला असेपर्यंत प्लॅस्टिक लोण्यासारखे मऊ असते, म्हणून त्याला बोट लावायचे नाही, हा या कामातला पहिला धडा. त्या रविवारी कवळीवाल्यांनी पंख जोडला, कपड्यांचे चिमटे लावून तो पक्का धरवला आणि बजावले, "उद्यापर्यंत हात लावायचा नाही." मग ते हात धुवायला गेले.

मुंगीने पाहिले की सांध्यातून गोंदाचा एक थेंब बाहेर आला आहे आणि पंखावर ओघळतो आहे. बाबांचे काम खराब होणार, असे तिला वाटले. तिने तो थेंब अंगठ्याने पुसला. मी हे सगळे पाहत होते. पण आम्हाला तोंड नसते.

कवळीवाले परत आले तेव्हा माझ्या पंखावर अंगठा उमटला होता. अगदी स्वच्छ, एकेका रेषेसकट.

"हात लावू नको म्हटलं होतं ना? वाट लावलीस सगळ्याची! तुझ्याच्याने एक काम धड होत नाही!"

त्यांचा आवाज एवढा चढला की खालच्या मजल्यावरच्या टेलरांनी शिलाई मशीन थांबवले. मुंगी म्हणाली, "मी फक्त पुसत होते." मग ती नळाशी गेली आणि कितीतरी वेळ अंगठा साबणाने घासत बसली.

पुढच्या रविवारी कवळीवाल्यांनी हाक मारली, "मुंगे, ये, रंग कालवायचाय."

"तुम्हीच करा. माझ्याने बिघडेल."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, तो उतरला असता. त्यानंतर ती त्या टेबलापाशी कधीच बसली नाही.

कवळीवाले हट्टी माणूस. गाड्यांचे पोचे बुजवायला वापरतात ती पुट्टी त्यांनी आणली, अंगठ्याच्या खड्ड्यात भरली आणि घासून घासून पंख गुळगुळीत केला. मग खालून आकाशी रंग दिला, वरून हिरवे आणि तपकिरी पट्टे. पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हे लावली. धुराड्यांमागे पेन्सिलीची पूड चोळून काजळी दाखवली. मी देखणे झाले, हे मी स्वतःच सांगते आहे, कारण आता दुसरे कोणी सांगायला उरलेले नाही.

त्या वर्षी मॉडेल बनवणाऱ्या मंडळींचे प्रदर्शन भरले. परीक्षक हातात छोटी बॅटरी घेऊन आले. त्यांनी माझ्या अंगावर सगळीकडून उजेड पाडला आणि मान डोलावली. "कमाल आहे! सांधा कुठे आहे ते शोधून सापडत नाही." मला पहिले बक्षीस मिळाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगायची ती फुगली.

"पाहिलंस का?" कवळीवाल्यांनी मुंगीला विचारले.

ती फक्त माझा डावा पंख बघत होती. "हो. आता काहीच दिसत नाही," ती म्हणाली.

मित्रांनो, बक्षीस मिळाले की वस्तूला काचेच्या पेटीत ठेवतात. याला मान म्हणतात. पण पेटीत गेल्यावर मला कोणी उचलले नाही, वळवून पाहिले नाही, नुसता हातसुद्धा लावला नाही. सुरुवातीला पाहुण्यांना दाखवत. मग पाहुणे कमी झाले. पेटीवर पिशव्या, बिले, औषधांच्या बाटल्या बसू लागल्या. माझी चिन्हे पिवळी पडली.

मुंगी मोठी झाली, शिकली आणि दूरच्या शहरात गेली. तिथे ती एका रुग्णालयात हाडांचे फोटो काढते. दर रविवारी दुपारी, बरोबर आमच्या जुन्या वेळेला, तिचा फोन येई.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

"बरं, ठेवतो मग."

एवढेच. कवळीवाले फोन ठेवत आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसत. मी माझ्या पेटीतून त्यांच्याकडे बघत बसे. खोलीत आम्ही दोघे होतो, पण दोघेही एकटेच होतो. कवळ्याही आता मशीनवर बनू लागल्या होत्या. भिंतीवरची फळी रिकामी झाली आणि घरात हसणारे कोणी राहिले नाही.

मग, साधारण वर्षापूर्वी, एका सकाळी कवळीवाल्यांना काय वाटले कोण जाणे, त्यांनी पेटीचे झाकण काढले आणि मऊ कापडाने मला पुसायला घेतले. खिडकीतून तिरपे ऊन येत होते. पुसता पुसता त्यांचा हात डाव्या पंखावर थांबला. तिथे एक बारीकसा खळगा पडला होता. पुट्टीचे असेच असते. ती वर्षानुवर्षे आतल्या आत आकसते आणि खाली बसते. जे बुजवले होते ते वर दिसू लागते. त्यांनी डोळ्याला भिंग लावले. रंगाखाली गोल गोल रेषा दिसत होत्या.

"मुंगे," ते म्हणाले. घरात कोणीही नव्हते.

त्याच दिवशी त्यांनी दात कोरायची सगळ्यात बारीक हत्यारे काढली. रंग आणि पुट्टी काढायची होती, पण त्याखालचा अंगठा राखायचा होता. हत्यार केसभर खोल गेले असते तर त्या रेषा कायमच्या गेल्या असत्या, आणि माझा हसरा वैमानिक सोडला तर नऊ वर्षांच्या मुंगीचे त्या घरात दुसरे काहीच उरलेले नव्हते. त्यात कवळीवाल्यांचे हात आता थरथरत होते. ते डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरत, श्वास रोखत, दोनदा कोरत आणि थांबत. मला भीती वाटली. रंग गेल्याची नाही, मित्रांनो. एवढ्या वर्षांनी कोणीतरी मला हातात घेतले होते, आणि त्याचे काम फसले तर तो मला पुन्हा कधीच घेणार नाही, याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी टेलर वर आले आणि बघतच राहिले. "डोकं फिरलं का काय तुमचं? बक्षिसाचं विमान खरवडताय!"

"कीड लागली की वरचं कोरून काढावंच लागतं," कवळीवाले मान वर न करता म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी लाकडी काडीने रेषांमधला शेवटचा कण काढला आणि फुंकर मारली. अंगठा तिथेच होता. एकही रेष तुटली नव्हती. कवळीवाल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे पुसले.

रविवारी फोन आला. "मुंगे, ते आपलं विमान होतं बघ," ते म्हणाले.

"हो. काय झालं त्याला?"

"काही नाही. जेवलीस?"

मला इतका राग आला म्हणता! तीन दिवस हत्यार चालवणाऱ्या माणसाला एक वाक्य चालवता येईना.

चार महिन्यांनी ती दोन दिवसांसाठी आली. तिच्या कानशिलावर पांढरे केस दिसत होते. मी टेबलावर होते, पेटीबाहेर, हिरव्या पंखावर तो करडा उघडा डाग घेऊन.

"बाबा, हे काय केलंत? बक्षिसाचं होतं ना हे?"

"बक्षीस माझं होतं. हे तुझं आहे. मी झाकून टाकलं होतं."

तिने मला खिडकीपाशी नेले आणि पंख उजेडात धरला. मग तिने आपला अंगठा त्या ठशावर ठेवला. ठसा त्याखाली पुरता झाकला गेला.

"एवढासा होता माझा अंगठा?"

"एवढासाच होता," कवळीवाले म्हणाले. "आणि मी केवढ्याने ओरडलो."

मुंगी रडली. तेही रडले. मी कोरडे राहिले, प्लॅस्टिकला इलाज नसतो, पण मला जे वाटले ते तुम्हाला कळले असेल.

जायच्या दिवशी कवळीवाल्यांनी रंग कालवून एका लहान बाटलीत भरला. जुन्या हिरव्याशी तो तंतोतंत जुळला होता. "लाव तू," ते म्हणाले.

मुंगीने घड्याळ पाहिले. "गाडी चुकेल बाबा. पुढच्या वेळी निवांत बसून लावू. ठसा बुजवायचा नाही, नुसता रंग. आणि तुम्ही एकट्याने लावायचा नाही हं!"

"नाही लावत."

तिला जाऊन आठ महिने झाले. रुग्णालयात माणसे कमी आहेत, सुट्टी मिळत नाही. फोन आता लांबतो, कधी कधी दोघे हसतातही. फोन ठेवला की कवळीवाले ती बाटली उचलतात आणि रंग खाली बसून घट्ट होऊ नये म्हणून सावकाश हलवतात. आत एक छर्रा टाकला आहे, तो टिकटिक वाजतो. पूर्वी तो बराच वेळ वाजायचा. आता रंग दाट झाला आहे, छर्रा मध्येच अडकतो, आणि त्यांचा हातही लवकर दमतो.

मित्रांनो, वस्तू जपा, त्यांच्यावरची धूळ पुसा, हे तर मी सांगणारच, त्यात माझा स्वार्थ आहे. पण माझे खरे मागणे वेगळेच आहे. तुमचीही वाट बघत कोणीतरी कुठेतरी अशीच एखादी बाटली हलवत बसले असेल. रंग सुकायच्या आत जा.