‘फुटक्या तारवा’ची घंटा

मी एक जुनी घंटा आहे. जुनी म्हटले म्हणून मला भंगारात काढायची घाई करू नका, मित्रांनो. अस्सल काशाची आहे मी. डनीडनच्या ओतशाळेत साच्यातून काढले तेव्हाच ओतारी म्हणाला होता, ‘ही कुणाचं ऐकून घ्यायची नाही.’ आणि मी कधी घेतलेही नाही.

माझी उमेदीची वर्षे समुद्रतळावरची कालवे, म्हणजे खायचे शिंपले, काढणाऱ्या ‘ऐल्सा’ नावाच्या बोटीवर गेली. जगाच्या दक्षिण टोकाकडच्या ब्लफ बंदराबाहेरच्या समुद्राला कुणाची भीडभाड नाही. धुके उतरले की बोटीवरचा माणूस मला बडवायचा आणि आजूबाजूच्या बोटी माझ्या आवाजावरून स्वतःला सांभाळायच्या. एकतीस हंगाम मी वाजले आणि माणसे घरी पोचली. मग बोटीचा तळ कुजला. इंजिन विकले, लाकूड जाळले. मला मात्र मालकाचा मुलगा रुआरी किनेअर याने काखोटीला मारून नेले.

रुआरी आठवडाभर दुसऱ्याच्या बोटीवर कालवे खरवडायचा आणि शनिवारी पबमध्ये गायचा. त्याच्या बँडचे नाव ‘फुटकं तारू’. थोरली बहीण हुइया ढोल बडवायची, लाल दाढीचा कॅलम व्हायोलिन वाजवायचा. पणजोबांनी स्कॉटलंडहून, आयर्लंडहून येताना जी गाणी आणली, तीच ही पोरे कर्कश गिटारवर बोंबलत म्हणायची. वादळांची, बुडालेल्या गलबतांची आणि रमची. रिवाज असा, की शेवटच्या कडव्याला रुआरी मला तीन टोले देणार आणि तिसऱ्या टोल्याला सगळ्यांनी हातातला पेला एका घोटात रिकामा करायचा. रुआरीने सर्वांत आधी.

खोटे कशाला सांगू? मला माज आला होता. तीनशे गळे माझ्या हुकमात! कॅलम तर स्वतःच्या लोकरी टोपीने मला घासायचा आणि ओरडायचा, ‘बघा रे, आमची म्हातारी कशी झळकतेय!’

तिसऱ्या वर्षी कॅलम अशाच एका कार्यक्रमानंतर झिंगून घरी जाताना धक्क्यावरून पाण्यात पडला. ओहोटीला सापडला. त्याची आई टिल्डा कालवे फोडणाऱ्या बायकांत सर्वांत चपळ. त्या दिवसानंतर ती पबची पायरी चढली नाही. आणि आमच्या शहाण्यांनी काय करावे? कॅलमवर गाणे रचले आणि शेवटी माझे तीन टोले ठेवले. दारूने नेलेल्या पोराच्या नावाने दारू! आणि मी वाजले. एकदा नाही, चार वर्षे वाजले.

मग रुआरीचे डोळे पिवळे झाले, पोट फुगले. डॉक्टरने स्वच्छ सांगितले, आता प्यायलास तर पुढचा हंगाम बघणार नाहीस. त्याने सोडली. पण माझे टोले पडले की त्याचा हात आपोआप पेल्याकडे जायचा. दोनदा गेला. हुइयाने पाहिले.

‘काढ ती घंटा.’

‘डोकं फिरलंय का तुझं? लोक घंटेसाठी येतात.’

‘येतील की तुझ्या मयतालाही. तिथं सँडविच फुकट असतात.’

‘किती कडू बोलतेस गं!’

‘तुझ्या पोटात पाणी साठलंय, आणि मी गोड बोलू?’

तिने गमबुटात घालायचा जाड मोजा माझ्या लोलकावर चढवला आणि दोरीने आवळला. मी संतापले, मित्रांनो. एकतीस हंगाम धुक्याला पुरून उरलेल्या बाईच्या तोंडात मोजा! माझ्यावर धूळ बसली, कडांना हिरवट कळंक चढला. कुणी ढुंकून पाहीना.

मे महिन्यात कालवांचा उत्सव भरला. भर दुपारी, हजार माणसांपुढे बँड उभा राहिला.

‘ए रुआऱ्या, म्हातारी मुकी केलीस काय?’

‘दूध पितो म्हणे आता! बाटली आणू का रे बाळाला?’

सगळे खदखदून हसले. कुणीतरी रमचा भरलेला पेला त्याच्या पायाशी ठेवला. रुआरीही हसला, पण कपाळाला घाम होता. त्याने मोजा ओढून काढला. हुइयाच्या हातातल्या काठ्या जागीच थांबल्या. कॅलमचे गाणे सुरू झाले. शेवटचे कडवे आले, रुआरीने माझी दोरी धरली, हजार पेले वर गेले. आणि मी निलाजरी, वाजायला टपलेली.

त्याने दुसऱ्या हाताने माझा लोलक मुठीत पकडला.

टोला पडला नाही. ‘काय रे, दमलास?’ कुणीतरी ओरडले.

पुढच्याच रांगेत टिल्डा होती. कालवे फोडायच्या शर्यतीतून थेट आलेली, ओल्या एप्रनवर शिंपल्यांचे कण. ती वळली. ‘गप रे मेल्या. माझ्या कॅलमच्या नावानं चार वर्षं ढोसलीत, भरलं नाही अजून पोट? ठेवा खाली.’

शेजारच्याच्या हातातला पेला तिने स्वतः काढून जमिनीवर ठेवला. मग एकेक पेला खाली टेकल्याचा आवाज येऊ लागला. सगळ्यांनी ठेवले असे नाही. पण पुष्कळांनी ठेवले. हुइयाने हलकेच ढोल धरला आणि रुआरी उरलेले कडवे फुटक्या आवाजात माझ्याशिवाय म्हणाला. त्याची मूठ थरथरत होती, घामाने निसटत होती. गाणे संपेपर्यंत त्याने ती सोडली नाही.

अजूनही तो मला तसाच धरून गातो. दर वेळी त्याला जमेलच, असे मी छातीठोक सांगणार नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना घासूनपुसून ठेवा, कोपऱ्यात टाकू नका, हे मागणे तर आहेच. पण त्याआधी आमच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. त्याचा हात थरथरत असेल, तर आम्हांला वाजवू नका. आम्ही राहू गप्प. शिकलो आता.